कामगाराचा विमा आणि पुराव्याचे ओझे

यंत्रात हात सापडून कामगार जायबंदी होतो किंवा कारखान्याला टाळे लागून त्याची नोकरी जाते, तेव्हा घरात येणारा पगार थांबतो. घरभाडे, किराणा, मुलांच्या शाळेची फी आणि कर्जाचे हप्ते यांतले मात्र काहीच थांबत नाही. अशा वेळी त्या कुटुंबाला आधार देण्याची जबाबदारी भारतात कायद्याने ज्या संस्थेवर सोपवली आहे, ती म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. कामगारांच्या बोलण्यात ती ‘ईएसआयसी’ किंवा नुसती ‘ईएसआय’ असते. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दिसणारी एक लहानशी कपात, यापलीकडे अनेकांना तिची ओळख नसते, आणि असली तरी ती दवाखान्यापुरती. या विम्यात अपंगत्वापोटी आयुष्यभर मिळणारी रक्कम आहे, बेरोजगारीतला भत्ता आहे आणि हे दोन्ही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर भरलेल्या पैशांतून मिळतात, हे बहुधा प्रसंग ओढवल्यावरच कळते. मालकाच्या चुकीचा भुर्दंड कामगाराला पडू नये म्हणून या कायद्याने विचारपूर्वक तरतुदी केल्या आहेत. तरीही रोजच्या कारभारात तो भुर्दंड फिरून कामगाराच्याच माथी येतो. ही तफावत नीट समजून घेतली, तरच या योजनेचे बळ आणि तिच्यातील उणिवा दोन्ही कळतात.

सामाईक निधीची कल्पना

स्वातंत्र्यापूर्वी कामावर इजा झालेल्या कामगाराला १९२३ च्या भरपाई कायद्याचा आधार होता, परंतु त्या कायद्यात भरपाई देण्याची जबाबदारी एकेका मालकावर होती. त्यामुळे जखमी माणसाला आपल्याच मालकाविरुद्ध दाद मागावी लागे, आणि मालकाचे दिवाळे निघाले तर निकाल बाजूने लागूनही हाती काही पडत नसे. मार्च १९४३ मध्ये सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले. त्यांनी १९४४ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आकाराला आला. जोखीम एकट्या मालकावर किंवा एकट्या कामगारावर न ठेवता सर्वांच्या वर्गणीतून एक सामाईक निधी उभारायचा आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्या निधीतून द्यायचे, ही या कायद्यामागची मूळ कल्पना. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. कानपूरच्या समारंभात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिचे उद्घाटन केले. १९५४ मध्ये ती मुंबईत आली. आज महामंडळाचे मुंबईतील प्रादेशिक कार्यालय, ‘पंचदीप भवन’, लोअर परळमध्ये, म्हणजे जुन्या गिरणगावातच, कामगार चळवळीचे अग्रणी ना. म. जोशी यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर आहे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मूळ अधिनियम आपल्यात सामावून घेतला असला, तरी वर्गणी आणि लाभ यांची मूळ चौकट तीच ठेवली आहे.

साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांना आणि आस्थापनांना ही योजना लागू होते, आणि त्यांतील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्का रक्कम भरायची असते, म्हणजे १५,००० रुपये पगार असेल तर कामगाराच्या पगारातून सुमारे ११३ रुपये कापले जातात आणि मालक आपल्या पदरचे सुमारे ४८८ रुपये घालतो. कायद्याच्या भाषेत या वर्गणीला ‘अंशदान’ आणि तिच्या मोबदल्यात मिळणाऱ्या सोयीला ‘हितलाभ’ म्हणतात. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून वसूल करण्यास कायद्याची सक्त मनाई आहे.

हिशेबासाठी वर्षाचे दोन भाग केलेले असतात. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या अंशदानावर पुढील जानेवारी ते जून या काळातील पात्रता ठरते, तर ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीवर जुलै ते डिसेंबर या काळातील. आजारपणाच्या हितलाभासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. ही अट पुरी झाली की आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस रक्कम मिळते.

अपंगत्व: तात्पुरते आणि कायमचे

कामामुळे झालेल्या इजेचे नियम याहून वेगळे आणि कामगाराच्या दृष्टीने कितीतरी उदार आहेत. अशा इजेसाठी ७८ दिवसांची अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. इजेमुळे काही काळ काम करता येत नसेल तर त्याला ‘तात्पुरते अपंगत्व’ म्हणतात, आणि ते अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस टिकले, तर बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते. तिला दिवसांची कमाल मर्यादा नाही. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघातही, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच अपघात मानला जातो. विशिष्ट उद्योगांत जडणारे आजारही, उदाहरणार्थ सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस किंवा कापसाच्या तुसामुळे होणारा बिसिनोसिस, कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार कामामुळे झालेली इजाच ठरतात.

उपचार संपूनही शरीरात उणीव राहिली, तर प्रश्न ‘कायमच्या अपंगत्वा’चा होतो, आणि त्याचा निर्णय वैद्यकीय मंडळ करते. मंडळाला ठरवायचे असते ते ‘अर्जनक्षमतेतील घट’, म्हणजे कमावण्याची कुवत किती टक्क्यांनी कमी झाली ते. नेहमीच्या इजांसाठी दुसऱ्या अनुसूचीत टक्केवारी दिलेलीच आहे: दोन्ही हात गेले तर १०० टक्के, अंगठा गेला तर ३०, मधले बोट पूर्ण गेले तर १२, तर्जनी पूर्ण गेली तर १४ आणि तर्जनीची दोन पेरे गेली तर ११ टक्के.

प्रत्यक्ष हिशेब असा होतो. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचे सरासरी रोजचे वेतन ५०० रुपये असेल, तर त्याचा पूर्ण हितलाभ ९० टक्के म्हणजे दिवसाला ४५० रुपये होतो, आणि उपचार चालू असेपर्यंत तो त्याच दराने मिळतो. अपघातात त्याची तर्जनी पूर्ण गेली असेल, तर बरा झाल्यानंतर ४५० रुपयांचे १४ टक्के, म्हणजे दिवसाला ६३ रुपये किंवा तीस दिवसांच्या महिन्याला १,८९० रुपये, त्याला आयुष्यभर मिळत राहतात. तो पुन्हा त्याच कारखान्यात, पूर्वीच्याच पगारावर रुजू झाला तरी ही रक्कम बंद होत नाही, आणि महागाईचा विचार करून महामंडळ तिच्या दरात वेळोवेळी वाढही करते. ‘कामावर परत घेतले आहे ना, मग आता कसला दावा?’ असे सांगून कामगाराला परत पाठवणे म्हणूनच सर्वस्वी चुकीचे आहे.

येथे एक गफलत नेहमी होते. शासकीय रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि वैद्यकीय मंडळाने ठरवलेली अर्जनक्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक शासकीय सवलतींना ४० टक्क्यांचा उंबरठा असतो. अपंगत्वाच्या हितलाभाला तसा कोणताही उंबरठा नाही, आणि म्हणूनच एका बोटाच्या एका पेराचाही हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

नोकरी जाते तेव्हा

बेरोजगारीचा विमा १९४८ च्या मूळ योजनेत नव्हता. तो बराच उशिरा आला आणि आजही तो अपंगत्वाच्या हितलाभाइतका भक्कम नाही. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. कारखाना बंद पडणे, कामगारकपात होणे किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने ४० टक्के अथवा अधिक कायमची विकलता येणे, या तीन कारणांनी नोकरी गेलेल्या आणि त्याआधी काही वर्षे अंशदान भरलेल्या कामगाराला तिच्यात भत्ता मिळतो. आरंभी सहा महिन्यांचा असलेला हा भत्ता पुढे वाढत जाऊन चोवीस महिन्यांचा झाला: पहिले बारा महिने वेतनाच्या ५० टक्के आणि नंतरचे बारा महिने २५ टक्के.

१ जुलै २०१८ पासून तिच्या जोडीला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि मुदती वाढवत चालू राहिली. सुरुवातीला तिच्यात सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. कोविडच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, हा दर ५० टक्के करण्यात आला. त्याच वेळी बेरोजगार झाल्यावर दावा करण्यासाठी पूर्वी थांबावे लागणारे ९० दिवस ३० वर आणले गेले आणि दावा मालकामार्फत पाठवण्याची अट काढून तो थेट शाखा कार्यालयात करण्याची मुभा मिळाली. पात्रतेसाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी, नोकरी जाण्याच्या लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तितकेच अंशदान अशी अट ठेवली गेली. ही मदत संपूर्ण आयुष्यात एकूण ९० दिवसांपुरतीच मिळते. रोजचे सरासरी वेतन ५०० रुपये धरले, तर ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. नवे काम शोधण्यासाठी एका कुटुंबाला तग धरता यावा एवढेच हे बळ आहे, पण सावकाराच्या दारी जाणे टाळण्यापुरते तरी ते नक्कीच आहे.

या योजनेत नोकरी कशी गेली याला फार महत्त्व असते. गैरवर्तनासाठी काढून टाकलेला, निवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा आपणहून काम सोडलेला कामगार अपात्र ठरतो. त्यामुळे नोकरी संपल्याच्या नोंदीत कारण म्हणून काय लिहिले जाते, यावर सारा दावा अवलंबून राहतो, आणि ती नोंद करणारा असतो मालक.

दावा कुठे अडतो

शाखा कार्यालयाच्या खिडकीवर दावा अडतो, तेव्हा त्याची कारणे बहुतेक वेळा कामगाराच्या हातात कधीच नसलेल्या गोष्टींत सापडतात. कामावरून कमी करताना ‘हिशेब पूर्ण करायचा असेल तर राजीनामा लिहून दे’ असे सांगितले जाते. थकलेला पगार अडकू नये म्हणून कामगार सही करतो आणि कपात झालेला माणूस कागदोपत्री स्वखुशीने गेलेला ठरतो. ठेकेदार महिन्याचे सव्वीस दिवस काम करवून घेऊन अंशदान मोजक्याच दिवसांचे भरतो, आणि ७८ दिवसांचा आकडा थोडक्यासाठी हुकतो. नोकरी बदलली की नव्या ठिकाणी जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला जातो. वास्तविक हा क्रमांक आयुष्यभरासाठी एकच असायला हवा, परंतु दोन क्रमांकांत अंशदान विभागले गेल्याने दोन्हीकडे ते अपुरे दिसते. आधार, बँक खाते आणि विम्याची नोंद यांत नावाच्या किंवा जन्मतारखेच्या एखाद्या फरकाने मंजूर रक्कमही खात्यात येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते अपघाताची नोंद न झाल्यामुळे. अपघात झाला की मालकाने तो अपघात-नोंदवहीत लिहून, सर्वसाधारणपणे चोवीस तासांच्या आत, ‘नमुना १२’ हा अहवाल शाखा कार्यालयाकडे आणि दवाखान्याकडे पाठवायचा असतो. चौकशीच्या भीतीने तो टाळला जातो, जखमीला खाजगी रुग्णालयात नेऊन खर्च भागवला जातो आणि ‘घरी पडलो असे सांग’ अशी समजूत घातली जाते. त्याचा परिणाम नीट पाहण्याजोगा आहे. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर ज्याला दिवसाला ४५० रुपये, बरे होईपर्यंत आणि उणीव राहिल्यास पुढे आयुष्यभराची रक्कम मिळायची, त्याच माणसाला साध्या आजारपणाची नोंद झाली तर दिवसाला ३५० रुपये, तेही जास्तीत जास्त ९१ दिवस आणि ७८ दिवसांची अट पुरी असेल तरच मिळतात. एक कागद न पाठवल्याने त्याचा जन्मभराचा हक्क बुडतो.

हे सारे कायद्याला अभिप्रेत नव्हते. मालकाने अंशदान भरले नाही किंवा कमी भरले, आणि त्यामुळे कामगाराचा हितलाभ बुडाला किंवा घटला, तर महामंडळाने कामगाराला योग्य दराने हितलाभ द्यावा आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे मूळ अधिनियमाचे कलम ६८ सांगते. कामाच्या ओघात घडलेला अपघात, विरुद्ध पुरावा नसेल तर, कामामुळेच झाला असे गृहीत धरावे, असे कलम ५१-क चे म्हणणे आहे. कामगाराने एखादा नियम मोडला होता, उदाहरणार्थ यंत्राचे संरक्षक कवच काढले होते, तरी तो मालकाच्याच कामासाठी राबत असेल तर त्याचा हक्क जात नाही. आजारपण किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा हितलाभ चालू असताना त्याला नोकरीवरून काढण्यासही कायद्याने बंदी केली आहे. म्हणजे शंकेचा फायदा कामगाराला आणि वसुलीची कटकट महामंडळाला, अशी विभागणी कायद्याने स्पष्ट केलेली आहे. खिडकीवर मात्र ‘मालकाकडून लिहून आणा’ हे उत्तर मिळते, आणि कामावरून काढलेला माणूस ज्या दारातून बाहेर घातला गेला त्याच दारात पुन्हा हेलपाटे घालू लागतो.

दाद मागण्याचे मार्ग

या अडचणींना तोंड देताना काही गोष्टी आधीपासून सांभाळल्या तर दावा खूपच भक्कम होतो. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीकार्ड, बँकेतील पगाराच्या नोंदी आणि नियुक्तिपत्र जपून ठेवावे; आपल्या क्रमांकावर अंशदान जमा होते की नाही हे महामंडळाच्या संकेतस्थळावर दर काही महिन्यांनी पाहावे, कारण चालू नोकरीत दुरुस्ती करून घेणे नोकरी गेल्यानंतरच्या दुरुस्तीपेक्षा सोपे असते. अपघाताची सूचना कामगार स्वतः किंवा त्याच्या वतीने सहकारीही देऊ शकतो, आणि रुग्णालयात दाखल होतानाच केसपेपरवर इजा कुठे आणि कशी झाली याची खरी नोंद करून घेणे फार मोलाचे ठरते. शाखा कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि नकार तोंडी न स्वीकारता कारणांसह लेखी मागावा, कारण पुढची प्रत्येक दाद त्या लेखी नकारावर उभी राहते.

शाखेत काम झाले नाही तर प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार करता येते, आणि ‘सुविधा समागम’ या नावाने भरणाऱ्या तक्रार-निवारण बैठकीत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडता येतो. अंशदानाच्या नोंदी किंवा तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. वैद्यकीय मंडळाची टक्केवारी मान्य नसेल, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयाकडे अपील करता येते. इजा पुढे बरीच बळावली, तर टक्केवारीच्या फेरविचाराचीही तरतूद आहे. पात्रता, वेतनाचा हिशेब, अपघात कामावरचा होता की नाही, असे इतर वाद कर्मचारी विमा न्यायालय सोडवते, आणि त्याच्या निकालावर कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर उच्च न्यायालयात जाता येते. मूळ अधिनियमानुसार हितलाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा करणे आणि वाद उद्भवल्यापासून तीन वर्षांच्या आत न्यायालयात अर्ज करणे आवश्यक आहे. दाव्याला उशीर झाला असेल आणि त्याचे कारण रास्त वाटले, तर न्यायालय अधिक मुदत देऊ शकते.

काय बदलायला हवे

दाद मागण्याचे मार्ग आहेत ही समाधानाची बाब असली, तरी जखमी किंवा बेरोजगार माणसाला ते मार्ग तुडवावे लागणे हीच व्यवस्थेची उणीव आहे. कोणत्या क्रमांकावर अंशदान थांबले हे महामंडळाला महिन्याच्या महिन्याला दिसते. मग ते थांबताच कामगाराच्या फोनवर मराठीत संदेश जायला, मालकाने नोकरी संपल्याचे काय कारण नोंदवले हे त्याला कळायला आणि ते मान्य नसल्यास ठरावीक दिवसांत हरकत घेण्याची सोय असायला काय अडचण आहे? विमा दवाखान्यात बोट चिरडलेला माणूस आला की मालकाच्या अहवालाची वाट न पाहता दवाखान्यातूनच शाखेला कळवले गेले, तर अपघात दडवण्याला मोठा पायबंद बसेल. वैद्यकीय मंडळाने टक्केवारीसोबत तिची कारणे कामगाराला समजेल अशा भाषेत द्यावीत, आणि कलम ६८ चा वापर अपवाद म्हणून नव्हे, तर नित्याचा शिरस्ता म्हणून व्हावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आहे त्या कायद्याचा हेतू कारभारात उतरवण्याची गरज आहे.

विमा हा विश्वासाचा करार असतो. कामगाराने आपला वाटा पगार हातात पडण्याआधीच दिलेला असतो, त्यात त्याने कधी कुचराई करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती कपात त्याच्या हातात नसते. एका बाजूने करार असा पुरेपूर पाळला गेला असताना दुसऱ्या बाजूने पुराव्याचे ओझे त्याच्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही. नोंदी ठेवणे मालकाचे, त्या तपासणे महामंडळाचे आणि खरे सांगणे एवढेच कामगाराचे काम, ही कायद्याने केलेली वाटणी प्रत्येक शाखा कार्यालयाने पाळली, तर पगाराच्या चिठ्ठीवरची ती लहानशी कपात कामगाराला आपली वाटू लागेल.